बुळकांडी ते गोवर : प्राणिविषाणूंच्या प्रजात्यंतराचा इतिहास

प्रस्तावना

साथींचा इतिहास लिहिताना माणसांचे रोग वैद्यकशास्त्राकडे आणि जनावरांचे रोग पशुवैद्यकाकडे सोपविण्याची प्रथा आहे. या विभागणीमुळे एक महत्त्वाचा दुवा नजरेआड होतो. गुरांचे कळप उद्ध्वस्त करणारी बुळकांडी आणि लहान मुलांना होणारा गोवर या दोन्ही रोगांचे विषाणू एकाच मूळ विषाणूपासून उत्पन्न झाले आहेत. विषाणू एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत जातो, ही केवळ जैविक आकस्मिकता नव्हे. वस्ती, व्यापार, युद्ध आणि प्रयोगशाळा या मानवनिर्मित परिस्थितीचा तो परिणाम असतो, हे या विषाणुकुळाच्या इतिहासाच्या आधारे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

विषाणुकुळाचे स्वरूप

बुळकांडी, गोवर, कुत्र्यांचा डिस्टेंपर आणि शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर या रोगांचे विषाणू ‘मॉर्बिलिव्हायरस’ या गटात मोडतात. त्यांची आनुवंशिक माहिती सुमारे सोळा हजार घटकांच्या आरएनए साखळीत असते. साखळीची प्रत काढताना होणाऱ्या चुका दुरुस्त करण्याची व्यवस्था या विषाणूंजवळ नसल्यामुळे प्रत्येक संसर्गात किंचित भिन्न अशी अनेक रूपे निर्माण होतात. शिवाय हे विषाणू रोगप्रतिकारक पेशींवरील ज्या प्रथिनाला चिकटतात, ते विविध सस्तन प्राण्यांमध्ये बरेचसे सारखे असते. त्यामुळे अल्पशा बदलानेही नवा यजमान मिळू शकतो. मात्र रोगातून वाचलेल्यास दीर्घकाळ प्रतिकारशक्ती लाभत असल्याने, टिकून राहण्यासाठी या विषाणूंना नव्याने जन्मणाऱ्या यजमानांचा अखंड पुरवठा लागतो.

गोवराचा उगम

बर्लिन येथे १९१२ साली गोवराने मृत्यू पावलेल्या एका बालिकेच्या फुप्फुसाचा नमुना जतन करण्यात आला होता. त्यातील विषाणूच्या जनुकीय अभ्यासावरून २०२० साली असे अनुमान प्रसिद्ध झाले की, गोवर व बुळकांडी यांच्या विषाणूंची फारकत इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकाच्या सुमारास झाली असावी. पूर्वीच्या काही अनुमानांत हा काळ इसवी सनाच्या अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपास मानला होता. नव्या अनुमानातही शतकांचा फरक पडू शकतो. तथापि त्याची सामाजिक इतिहासाशी संगती लागते. गोवर अखंड टिकण्यास सुमारे अडीच ते पाच लाखांची लोकवस्ती आवश्यक मानली जाते आणि तेवढी मोठी नगरे याच प्राचीन कालखंडात उदयास येत होती. गुरांचा सहवास त्याहून कितीतरी जुना होता. केवळ सहवास पुरेसा नव्हता. विषाणूला माणसात स्थिर होण्यासाठी नगर लागले.

व्यापार, युद्ध आणि प्रयोगशाळा

एकोणिसाव्या शतकात बुळकांडीने वसाहतवादी दळणवळणाचा मार्ग धरला. १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर ती इरिट्रियात शिरली आणि १८९७ पर्यंत आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे पोहोचली. गुरांबरोबर रानरेडे व अन्य वन्य प्राणीही मोठ्या संख्येने मेले. हिंदुस्थानात गुरांच्या साथींविषयी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८८९ साली पुणे येथे इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. घातक जंतूंवरील कामासाठी विलगता व थंड हवामान हवे, म्हणून १८९३ साली ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली.

तेथेच १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत सातत्याने संक्रमित केला. शेळीच्या शरीराशी जुळवून घेताना तो देशी गुरांसाठी सौम्य झाला आणि त्यापासून लस सिद्ध झाली. ज्या प्रजात्यंतरातून साथ उद्भवते, त्याच प्रक्रियेचा येथे संरक्षणासाठी उपयोग करण्यात आला. पुढे केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी हेच तत्त्व वासराच्या मूत्रपिंडातील पेशींवर वापरून अधिक सुरक्षित लस तयार केली. भारतात १९५४ साली राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. अखेर २०११ साली जग बुळकांडीमुक्त घोषित झाले. देवीनंतर निर्मूलन झालेला हा दुसराच रोग होय.

निर्मूलनानंतरचे प्रश्न

भारतात पीपीआरचे निश्चित निदान प्रथम १९८७ साली तमिळनाडूत झाले. तोपर्यंत शेळ्यामेंढ्यांतील तशा लक्षणांचा रोग बुळकांडीच समजला जाई. म्हणून जुन्या दप्तरांत शेळ्यांच्या ‘बुळकांडी’ची नोंद आढळल्यास इतिहासकाराने ते नाव जसेच्या तसे स्वीकारणे धोक्याचे ठरते. बुळकांडीची लस पीपीआरपासूनही संरक्षण देत असे. निर्मूलनाची खात्री करून घेण्यासाठी ती थांबविल्यावर पीपीआरसाठी स्वतंत्र लस वापरावी लागली. या विषाणूने २०१६-१७ साली मंगोलियात सायगा हरणांचाही बळी घेतला. डिस्टेंपरचा विषाणू २००६ साली चीनमधील माकडांच्या संवर्धन केंद्रात आढळला आणि २०१८ साली गीरमधील सिंहांच्या मृत्यूंच्या वेळीही त्याची नोंद झाली.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रजातींमधील सीमा निसर्गाने एकदाच आखून दिलेली नाही. नगरांनी, सैन्यांनी आणि लसीकरणानेही ती वेळोवेळी बदलली आहे. गोवराची लस मॉर्बिलिव्हायरस गटातील इतर विषाणूंविरुद्धही काही प्रमाणात प्रतिकारशक्ती देते. उद्या गोवराचे निर्मूलन झाले आणि लसीकरण थांबविण्याचा विचार पुढे आला, तर गोवराचे रुग्ण संपले एवढाच निकष पुरेसा ठरणार नाही. माणसाची रिकामी झालेली जागा प्राण्यांतील कोणता विषाणू घेऊ शकेल, हाही प्रश्न विचारावा लागेल. त्याचे उत्तर शोधताना वैद्यक, पशुवैद्यक आणि इतिहास यांना परस्परांपासून दूर राहून चालणार नाही.