चॅप्टर थर्टीन

* चॅप्टर थर्टीन : अमेरिकेच्या १९७८ च्या दिवाळखोरी कायद्यातील तेरावा भाग. नियमित मिळकत असलेल्या कर्जदाराला या तरतुदीमुळे राहते घर राखून हप्त्यांनी देणी फेडता येतात. मुदत तीन ते पाच वर्षांची; कुटुंबाचे उत्पन्न राज्याच्या ठरावीक मध्यम पातळीहून कमी असेल तर सहसा तीन, एरवी पाच. अर्ज दाखल झाला की घेणेकऱ्यांचा तगादा थांबतो आणि ३० दिवसांच्या आत पहिला हप्ता भरावा लागतो; योजनेला न्यायालयाची मंजुरी मिळेपर्यंत थांबता येत नाही. हप्ता प्रकरणासाठी नेमलेल्या ट्रस्टीकडे जमा होतो, पुष्कळदा थेट पगारातून कापूनच. समजा, महिना ४०० डॉलर ठरले, तर ६० महिन्यांत २४,००० होतात. त्यातून ट्रस्टीचे शुल्क (कमाल १० टक्के), घराचे थकलेले हप्ते, अलीकडचे कर आणि मुलांच्या पोटगीची थकबाकी भागते. क्रेडिट कार्ड व दवाखान्याच्या बिलांच्या वाट्याला उरलेसुरले येते. शेवटचा हप्ता भरला की या बिलांची बाकी माफ होते. शैक्षणिक कर्ज मात्र सहसा सुटत नाही. मध्येच हप्ते थकले तर न्यायालय प्रकरण काढून टाकू शकते आणि तगादा पुन्हा सुरू होतो. मराठीत ‘दिवाळे काढले’ म्हटले की लबाडीचा संशय येतो. वाचकांनी तो येथे बाजूला ठेवावा. पाच वर्षे पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरणाऱ्याला बुडव्या म्हणणे अन्यायाचे आहे. – संपादक