काठी आणि पाऊल

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला मनुष्य प्रथम काठी हातांत घेतो, तेव्हां घरांतील मंडळींत दोन तट पडतात. कोणी म्हणतें, चला, हिंडूंफिरूं तरी लागला. कोणी म्हणतें, काठीची संवय लागली तर पाय कधींच सुधारणार नाहीं. हा घरगुती वाद वैद्यकाच्या इतिहासांतही झालेला आहे, व त्याचा निकाल कसा लागत गेला हें आम्हांस मोठें उद्बोधक वाटतें.

रोग पुरातन आहे. सुश्रुतसंहितेंत पक्षाघाताचें वर्णन आढळतें. हिपोक्रेटीसच्या सूत्रांनीं तर जोराचा झटका असाध्य व सौम्य झटकाही दुःसाध्य ठरविला. पुढें १६५८ सालीं स्वित्झर्लंडमधील योहान वेप्फर यानें मेंदूंतील रक्तस्राव हें या रोगाचें एक कारण असल्याचें शवविच्छेदनावरून दाखविलें. म्हणजे पाय धड असतो. त्याला आज्ञा देणारा धनी घायाळ झालेला असतो. पाऊल लोंबतें, बोटें जमिनीला घांसतात, आणि रोगी पाय बाहेरून अर्धवर्तुळांत फेंकीत चालतो.

अशा वेळीं निरोगी हातांत काठी द्यावयाची, ही जुनी रीत. लंडनमध्यें बर्टा बोबाथ या विदुषीनें तिच्यावर आक्षेप घेतला. १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथाचा रोख असा कीं, सारा भार निरोगी अंगावर टाकल्यास दुर्बळ अंग अधिकच ताठरतें. आक्षेप पोकळ नव्हता. परंतु त्यापूर्वींच, १९६१ सालीं, अमेरिकेंत लिबर्सन व त्यांचे सहकारी यांनीं एका लहानशा विद्युत्-यंत्राचें वर्णन केलें होतें. टांच उचलतांच बुटांतील कळ चालू होई, गुडघ्याखालच्या मज्जातंतूला विजेचा सौम्य धक्का बसे, व लोंबणारें पाऊल वर उचललें जाई. आश्चर्य हें कीं, या सरावानंतर कांहीं रोग्यांना यंत्र नसतांही पाऊल स्वतः उचलतां येऊं लागलें! साधन मनुष्याला पांगळें करतें, या समजुतीला याहून मार्मिक उत्तर कोणतें?

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं झुरिक येथें तयार झालेलें यंत्र रोग्याला वरून तोलून धरतें व सरकत्या पट्टीवर त्याचे पाय चालवितें. अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासल्यावर असें दिसलें कीं, अशा यंत्रांना व्यायामोपचाराची जोड दिली म्हणजे आधारावांचून चालूं लागणाऱ्यांची संख्या वाढते. आणि हा लाभ विशेषतः झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत व मुळींच चालतां न येणाऱ्यांना होतो.

तेव्हां काठी द्यावी कीं देऊं नये, या वादापेक्षां रोग्याचें पाऊल रोज किती वेळां टाकलें जातें याची चौकशी अधिक अगत्याची, असें आमचें मत आहे. मायेपोटीं रोग्याला खाटेवरून हलूं न देणें ही आमच्या सुशिक्षित घरांतही होणारी चूक आहे. आणि हातचे गेलेले ते पहिले तीन महिने कोणतेंही यंत्र परत आणून देत नाहीं.