पडायची सोय

म्हैसूरच्या दसऱ्यात कुस्त्या होतात त्या लाल मातीत. तिथल्या गरडीत, म्हणजे आपल्याकडच्या तालमीत, माती खणून, चाळून, तेल मुरवून मऊ राखली जाते. चीतपट झालेला मल्ल धडपणे उठला पाहिजे, एवढा साधा हिशेब. कुस्तीने केव्हाच ओळखलेली ही गोष्ट उंच उडीच्या मैदानावर यायला मात्र फार वेळ लागला.

मार्शल ब्रुक्स या ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याने 1876 मध्ये सहा फुटांची, म्हणजे 1.83 मीटरची, उंची पहिल्यांदा पार केली. त्या काळच्या खेळाडूला उडी मारल्यावर पायांवरच उतरावं लागे, कारण खाली जमीन होती. म्हणून कैची उडी. एक पाय आधी, दुसरा मागून, धड सरळ. शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा उडी मारणारं पोर आजही न शिकवता अशीच मारतं.

पुढची क्लृप्ती जागेच्या अडचणीतून निघाली असं सांगतात. कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज होराइनला सरावाच्या खड्ड्याकडे एकाच बाजूने धावत जाता येई, आणि ती बाजू त्याच्या सवयीच्या उलट होती. त्याने दांडीजवळच्या पायाने उसळी घेऊन कुशीवर पलटी मारायला सुरुवात केली. हीच वेस्टर्न रोल. 1912 मध्ये त्याने बरोबर दोन मीटर उंची ओलांडली.

मग आली स्ट्रॅडल. पोट दांडीकडे करून, घोड्यावर मांड टाकावी तसं दांडीवरून पालथं जायचं. सोव्हिएत संघाच्या व्हॅलेरी ब्रुमेलने 1963 मध्ये मॉस्कोत या पद्धतीने 2.28 मीटरपर्यंत मजल मारली. तेव्हा खड्डे भरले जात ते बहुतेक वाळूने किंवा लाकडाच्या भुशाने. अशा खड्ड्यात कुशीवर पडता येतं. मानेवर पडलं तर संपलंच.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर फोमच्या जाड गाद्या यायला लागल्या होत्या. ऑरेगनमधल्या डिक फॉस्बरी या उंचेल्या पोराला स्ट्रॅडल काही केल्या जमत नव्हती. तो कैचीत पाठ मागे टाकू लागला आणि हळूहळू दांडीवरून उताणाच जाऊ लागला. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने 2.24 मीटरवर सुवर्णपदक घेतलं. या प्रकाराला फॉस्बरी फ्लॉप म्हणतात, आणि त्याचं सगळं श्रेय एका माणसाच्या डोक्याला देण्याची पद्धत आहे. पण खाली वाळूच असती, तर एवढं डोकं चालवून तो दवाखान्यात पोचला असता. कॅनडाची डेबी ब्रिल जवळपास त्याच काळात, त्याला न पाहता, तशीच उडी मारत होती. तिच्याकडेही फोम होता.

पडायची सोय फोमने केली, धावायची सोय केली ती बंदिस्त स्टेडियमने. युरोप-अमेरिकेत हिवाळाभर मैदानं गारठलेली असतात, म्हणून तिथे छपराखालच्या स्पर्धा रुजल्या. फ्लॉप मारणाऱ्याला वळणदार रेषेत, आत झुकून धावावं लागतं. ओल्या ट्रॅकवर अशा वेळी पाय सटकतो. छपराखाली ना पाऊस, ना वारा.

गंमत अशी, की छपराखालच्या सर्वांत नाट्यपूर्ण उड्यांपैकी एक फ्लॉपची नव्हतीच. मार्च 1978, मिलान, युरोपीय इनडोअर स्पर्धा. एकोणीस वर्षांच्या व्लादिमीर याश्चेन्कोने जुन्या स्ट्रॅडलने 2.35 मीटर पार केले. तेव्हा ही उंची जगात कुणीच गाठली नव्हती. पुढच्याच वर्षी त्याचा गुडघा गेला, आणि त्याच्याबरोबर स्ट्रॅडलही मोठ्या मैदानांवरून जवळजवळ गेली. 1985 च्या जानेवारीत मिलानच्या त्या क्रीडागृहाचं छप्परही बर्फाच्या भाराने कोसळलं. 1989 मध्ये बुडापेस्टच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत क्युबाच्या हाविएर सोतोमायोरने 2.43 मीटर मारले. इनडोअरचा तो विक्रम अजून मोडलेला नाही.

भारतात हिवाळा हाच मैदानी खेळांचा हंगाम, त्यामुळे छपराची निकड कधी भासली नाही. आपल्या तेजस्विन शंकरने 2018 मध्ये 2.28 मीटरची इनडोअर उडी मारली ती अमेरिकेत, आयोवातल्या एम्सला, कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून खेळताना. छप्पर लांबच राहिलं, गावाकडच्या शाळेत साधी गादी मिळायची मारामार. लांब उडी आणि उंच उडी, दोन्हींना वाळूचा एकच खड्डा, हे चित्र महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी पाहिलेलं आहे. वाळूत फ्लॉप शिकवायचा तरी कसा?

नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावात त्यावर उत्तर निघालं. शेतकऱ्याचा मुलगा सर्वेश कुशारे शाळेत उड्या मारू लागला तेव्हा फोमला पैसे नव्हते. त्याचे क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव यांनी मक्याचा भुसा भरून त्याला पडायची जागा करून दिली. फोमने अमेरिकेत जे काम केलं, तेच इथे मक्याने केलं. पाठीवर पडायची पोराची भीती मोडली. पुढे तो सैन्यात गेला. 2019 मध्ये काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्याने 2.21 मीटरवर सुवर्ण जिंकलं, 2023 मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत 2.26 वर रौप्य.

सप्टेंबर 2025 मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय ठरला. तिथे तो 2.28 मीटर पार करून सहावा आला. मॉस्कोत ब्रुमेलची उंची होती तीच ही, बासष्ट वर्षांनी. त्यानंतर दांडी 2.31 वर चढली आणि ती मात्र त्याच्या पाठोपाठ गादीवर आली.