मोठ्या कुटुंबाचा प्रवास : सुरत-कोसाडकडे जाण्याचा विचार

तीन पिढ्यांची दहा-बारा माणसे एकत्र प्रवासाला निघायची म्हटली की घरात पहिला वाद स्थळावरून होतो. वास्तविक पहिला प्रश्न काळाचा असला पाहिजे. गोव्यात तर तो अधिकच बिकट आहे. ज्यांचा चरितार्थ पर्यटनावर चालतो, त्यांना डिसेंबर-जानेवारीत दुकान, खानावळ किंवा भाड्याच्या खोल्या सोडून बाहेर पडता येत नाही. नोकरदारांना मात्र नाताळची सुट्टी सोयीची वाटते. शिवाय वर्षे सरत जातात तसे आजी-आजोबांचे गुडघे निर्णयाची वाट पाहत थांबत नाहीत. ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणत पाच वर्षे गेली, की प्रवासाला एक माणूस कमी होते, हा अनुभव अनेक घरांचा आहे.

अशा कुटुंबांनी केरळ, काश्मीर, राजस्थान यांच्या बरोबरीने दक्षिण गुजरातचाही विचार करावा, असे सुचवावेसे वाटते. सुरतेत मराठी भाषकांची वस्ती मोठी आहे. खानदेशातून कापडउद्योगासाठी आलेली कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आली असून तेथील महापालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही चालवते. शहराच्या उत्तरेस, तापीपलीकडे, अमरोली-कोसाड पट्ट्यातही मराठी घरे आहेत. सुरतहून बडोद्याकडे जाताना नदीचा पूल ओलांडला की उत्राण व त्यानंतर कोसाड ही स्थानके लागतात. एकेकाळचे हे गाव आता महानगरात सामावले असून मोठ्या गृहवसाहतींमुळे त्याचे रूप पार पालटले आहे.

ज्यांचे आप्त कोसाडात किंवा शहरात अन्यत्र आहेत, त्यांना तेथेच मुक्काम करण्याचा मोह होतो. तो आवरावा. दोन खोल्यांच्या सदनिकेत बारा पाहुणे उतरले, की यजमानीण आणि पाहुण्या घरातील सुना मिळून सबंध सुट्टी चुलीपाशी काढतात. स्वयंपाकघर बदलले म्हणजे विश्रांती मिळाली, असे होत नाही. निवासाची व्यवस्था रेल्वे स्थानकाच्या परिसरात स्वतंत्र करावी, नातलगांकडे एक दिवस जेवायला जावे. नातीही टिकतात आणि कोणाची दमछाकही होत नाही.

गोव्याहून जाण्यास रेल्वेच सोयीची. मरुसागर एक्सप्रेस, ओखा-एर्नाकुलम, गांधीधाम-नागरकोविल या गाड्या मडगावहून कोकण रेल्वेने वसईमार्गे सुरतेला जातात. मात्र त्या आठवड्यातील ठरावीक दिवशीच धावतात. त्यामुळे सुट्टीच्या तारखा गाडीच्या वाराशी जुळवाव्या लागतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, हेही ध्यानात ठेवावे. या गाड्या कोसाडला थांबत नाहीत. सुरतेला उतरून रिक्षा किंवा शहर बस घ्यावी.

आरक्षणाचा एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे, तेव्हा दिवस मोजून तयारीत राहावे लागते. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात. खालच्या बाकाचा ज्येष्ठांसाठीचा कोटा, तिकिटावर केवळ एक किंवा दोन ज्येष्ठ प्रवासी असतील तेव्हाच विचारात घेतला जातो. आजी-आजोबांना मुला-नातवंडांसह एकाच तिकिटावर घातले, तर त्यांच्या वाट्याला वरचा बाक येण्याची शक्यता राहते. त्यांचे तिकीट वेगळे काढणे हाच उपाय. ज्येष्ठांची भाडेसवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. खर्चाचा अंदाज पूर्ण भाड्यानेच करावा.

आता पाहायचे काय? शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० अशी दोनदा सुरत लुटली, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. तापीकाठचा किल्ला महापालिकेने दुरुस्त करून तेथे संग्रहालय केले आहे. जुन्या इंग्रज दफनभूमीत जॉर्ज ऑक्झेंडनचे भव्य थडगे आहे. पहिल्या स्वारीच्या वेळी इंग्रजांची वखार लढवणारा प्रमुख तोच. पाठ्यपुस्तकातील एका ओळीला दगडमातीचे रूप आलेले मुलांना येथे दिसते. दांडी आणि बारडोली दोन्ही गाडीने तासा-दीड तासाच्या अंतरावर आहेत. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी मीठ उचलले, त्या दांडीत २०१९ पासून मिठाच्या सत्याग्रहाचे राष्ट्रीय स्मारक उभे आहे.

गोमंतकीयांसाठी खरे आकर्षण दमणचे. सुरतहून दक्षिणेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवर असलेले हे गाव १९६१ च्या डिसेंबरात गोव्याबरोबरच मुक्त झाले आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य होईपर्यंत आपल्याच प्रशासनाचा भाग होते. दमण-दीवला बदली होऊन गेलेले सरकारी कर्मचारी आजही अनेक घरांत आजोबांच्या वयाचे आहेत. त्यांना मोटी दमणच्या तटबंदीत, बॉम जेजूच्या चर्चसमोर उभे करून नातवंडांना ऐकू द्यावे. मार्गदर्शक नेमण्याची गरज पडत नाही. वापीजवळचे सिल्वासाही वाटेत पाहता येते. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगर-हवेली पोर्तुगिजांकडून मुक्त करणाऱ्या स्वयंसेवकांत आझाद गोमंतक दलाचे कार्यकर्ते होते, तसेच संगीतकार सुधीर फडकेही होते.

हवामान आणि जिभेचे चोचले यांचा संबंध निकटचा. हिवाळ्यात गेल्यास उंधियू आणि कोवळ्या ज्वारीचा पोंक मिळतो. हा पोंक फार थोडे दिवस असतो व तो चुकवू नये. मे महिन्यात सुरतेचा उकाडा वृद्धांना सोसवत नाही. ज्यांना पावसाळ्यातच सवड आहे, त्यांनी शहरात एकच दिवस काढून डांगमधील सापुताऱ्याला जावे. तेथून वणीची सप्तशृंगी फार दूर नाही आणि २०१८ पासून गडावर रुळांवरून चालणारी ट्रॉली असल्याने पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. परतताना नाशिक रोडहून मंगला एक्सप्रेस धरली, तर आल्या वाटेनेच परत जावे लागत नाही. घाटात पावसाळी दरडींची शक्यता असते. एक दिवस हातचा राखावा.

एक सूचना थोडी अवघड, पण आवश्यक. गुजरातेत दारूबंदी आहे. ‘काजूची फेणी’ भेट म्हणून पाहुण्यांच्या घरी नेण्याची आपली हौस तेथे गुन्हा ठरू शकते. बाहेरगावच्या पर्यटकांना परवाना मिळण्याची सोय आहे, पण परवान्यावाचून बाटली जवळ बाळगू नये. भेट न्यायचीच असेल तर काजूगर, कोकम, बेबिंका आणि नारळाच्या वड्या आहेतच. परत येताना घारी आणावी, मात्र ती तुपात माखलेली असते. डबा कपड्यांच्या बॅगेत ठेवू नये.