गळती आणि गाळ

संस्कृतातल्या ‘गल्’ धातूने मराठीत केवढा संसार मांडला आहे! ठिबकणे, झिरपणे, निसटून पडणे हा त्याचा मूळ अर्थ. छप्पर गळते, पाने गळतात, अवसान गळते. शाळेतल्या मुलांचीही गळती होते. ‘गाळणे’ हे त्याचेच प्रयोजक रूप. चहा गाळतात, घाम गाळतात, वाक्यातला शब्द गाळतात; कारखान्यात उसाचे गाळप होते आणि त्या हंगामाला गळीत हंगाम म्हणतात. गाळताना जे पुढे जात नाही, तळाशी बसते, तो गाळ. दोन्ही शब्द एकाच घरचे, पण तोंडे दोन दिशांना: गळते ते जाते, गाळ राहतो.

गोंदिया जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही. इथल्या धानाचे पाणी शेकडो मामा तलावांत साठते. हा ‘मामा’ म्हणजे ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची पहिली अक्षरे. ‘माल’ अरबी, ‘गुजार’ फारसी. मालगुजार म्हणजे सरकारात सारा भरणारा. हा भाग मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि नावाला ‘माजी’ चिकटले. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात धरणारे कोणी नव्हते. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळींनी बांधला असे सांगतात. तलावाच्या अवयवांची नावेही इथलीच: पाळ, पाणी सोडायचे तुडूम, जादा पाणी वाहून जायला सलंग. पाळ झिरपू लागली तर ती गळती. जागा सापडते, बुजवता येते. पण पाळ शाबूत, तुडूम बंद, आणि तरी पूर्वीइतके पाणी मावत नाही, तेव्हा दुखणे गाळाचे असते. देखभालीची जुनी घडी विस्कटल्यावर अनेक तलावांचे हेच झाले. २०१७ साली राज्य सरकारने योजनेचे नावच ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ असे ठेवले.

संगणकाच्या मेमरीबद्दल बोलताना मात्र आपण सरसकट ‘मेमरी लीक’, म्हणजे गळती म्हणतो. सी भाषेत हा शब्द चपखल बसतो. तिथे प्रोग्रॅमर मेमरीचा तुकडा मागून घेतो आणि परत करण्याआधीच त्याचा पत्ता हरवून बसतो. तुकडा हातून निसटतो. जावा किंवा जावास्क्रिप्टमध्ये परत करण्याचे काम प्रोग्रॅमरकडे नाही, ते ‘गार्बेज कलेक्टर’ करतो. ही युक्ती जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी काढली. १९६० च्या निबंधात त्यांनी रीत सांगितली, पण नाव छापले नाही. आपसांत तो शब्द तेव्हाच रुळला होता, हे त्यांनी पुढे टीप जोडून नोंदवले.

आपला ‘कचरा’ संस्कृत ‘कच्चर’वरून आला, अर्थ मळकट. मॅकार्थींच्या कचऱ्याची कसोटी वेगळी आहे: ज्याच्यापर्यंत पोचायची वाट उरली नाही, तो कचरा. कलेक्टर ठरावीक मुळांपासून निघतो, संदर्भाच्या धाग्याने जिथवर जाता येईल तिथवर खुणा करतो आणि बिनखुणेचे सारे मोकळे करतो. एखादी वस्तू पुढे लागणार आहे का, हे त्याला कळत नाही. वाट आहे का, एवढेच तो पाहतो. दोष नेमका या फटीत राहतो.

धान खरेदीच्या नोंदी ठेवणारा जावातला एखादा प्रोग्रॅम घ्या. शेतकऱ्याचा सातबारा पुन्हा पुन्हा शोधावा लागू नये म्हणून तो एका स्टॅटिक मॅपमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालू असेतो टिकणाऱ्या यादीत, ठेवला. ठेवणारी ओळ लिहिली, काढणारी लिहिलीच नाही. शेतकरी धान मोजून घरी गेला, तरी नोंद मॅपने धरली, मॅप क्लासने धरला आणि क्लास मुळाशी बांधलेला. कलेक्टर येतो, खूण करतो, पुढे जातो. हंगाम भरात आला की हीप, म्हणजे प्रोग्रॅमच्या वस्तू राहतात ती मेमरी, भरते, कलेक्टरच्या फेऱ्या वाढतात, पडदा अडकू लागतो आणि शेवटी ‘आउट ऑफ मेमरी’ येऊन प्रोग्रॅम कोसळतो. यात थेंबभरही गळले नाही. सारे साचले आहे, गाळासारखे.

गळती म्हटले की माणूस भोक शोधत बसतो. इथे शोधायचे ते धरून ठेवणारे हात. थोड्या अंतराने हीपचे दोन डंप घ्यावेत, कोणत्या क्लासच्या वस्तू वाढत चालल्या ते ताडून पाहावे आणि त्यातल्या एकीपासून मुळापर्यंतची साखळी उलटी वाचावी: नोंद, मॅप, स्टॅटिक फील्ड. नको असलेली कडी सापडली की तोडावी. मॅपला मर्यादा घालावी, किंवा जावात १९९८ पासून असलेला ‘वीक रेफरन्स’ वापरावा. तो वस्तू दाखवतो, पण कलेक्टरला अडवत नाही. जावास्क्रिप्टमध्ये काम संपताच जोडलेला लिसनर काढावा आणि चालू केलेला टायमर थांबवावा. प्रोग्रॅमला नुसती जास्त मेमरी देणे म्हणजे पाळ उंच करणे. गाळ जिथल्या तिथे राहतो.

दोषांच्या वहीत म्हणूनच हे दोन शब्द वेगळे लिहावेत असे मला मनापासून वाटते. पत्ता हरवून मेमरी निसटली, तर ‘गळती’. कोणीतरी पत्ता धरून बसल्याने साचली, तर ‘गाळ’. त्यासाठी नवी परिभाषा घडवायला नको, समिती बसवायला नको. आणि दुरुस्तीला बसणाऱ्याला पहिल्या शब्दातच दिशा मिळते: गळती असेल तर परत करायचे कुठे राहिले ते पाहा, गाळ असेल तर कोण सोडत नाही ते पाहा.