छावणीचे चार महिने

दसऱ्याच्या दिवशी आपण सीमोल्लंघन करतो. आज ते वेशीपर्यंत जाऊन आपट्याची पाने लुटण्यापुरते उरले आहे. परंतु एके काळी या दिवसानंतर मराठ्यांचे घोडदळ खरोखरीच सीमा ओलांडून जात असे. पावसाळ्याच्या तोंडावर ते स्वदेशी परते आणि चार महिने छावणीत काढी. असे का? नद्यांना पूर येतात, वाटा चिखलात बुडतात, हे उत्तर कोणीही देईल, आणि ते खरेही आहे. पण त्या उत्तरापाशी न थांबता आपण जरा खाली वाकून घोड्याच्या पायाकडे पाहू या.

घोड्याचा खूर म्हणजे आपल्या नखाच्याच जातीचे एक जाड कवच. कोरड्या, खडकाळ जमिनीवर तो टणक राहतो. दख्खनच्या पठारावरील भीमथडी तट्टे अशाच भूमीवर वाढलेली. तोच खूर दिवसेंदिवस ओलीत राहिला म्हणजे पाणी शोषून मऊ पडतो. मऊ खुरात खिळे धरत नाहीत. नाल सैल होते आणि निखळताना खुराची कडही तोडून नेते. तळव्याच्या मध्यभागी एक त्रिकोणी, लवचिक गादी असते. तिच्या दोन्ही अंगांच्या खाचांत चिखल व लीद साचून राहिली, की हवेवाचून वाढणारे जंतू तेथे घर करतात. काळसर, दुर्गंधी स्राव वाहू लागतो. वेळीच लक्ष दिले नाही तर विकार आतल्या जिवंत भागापर्यंत पोचतो आणि घोडा लंगडू लागतो. लंगडा घोडा स्वाराच्या कामाचा नाही. दाणा मात्र त्याला लागतोच.

यावर मोठा उपाय एकच, आणि तो औषधाहून साधा आहे. रोज चारही पाय उचलून खूर खरवडून स्वच्छ करावेत, वाढलेला भाग कापावा आणि जनावराला कोरड्या जागी बांधावे. एवढ्यासाठी डोक्यावर छप्पर हवे, पायाखाली कोरडी भुई हवी आणि जाणता माणूस हवा. छावणीने नेमके हेच पुरविले.

राजारामाच्या काळी जिंजीस असताना कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींची बखर लिहिली. तीत लष्कराच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. पावसाळ्यात लष्कराने आपल्या देशी छावणीस यावे. तेथे दाणा, वैरण व औषधे सिद्ध असावीत. माणसांसाठी आणि घोड्यांसाठी घरे गवताने शाकारून ठेवावीत, असा तो नेम होता. पागेतील दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. बारगिराचा घोडा सरकारचा. तेव्हा त्याच्या पायाची काळजीही सरकारने वाहिली, यात नवल नाही.

ही व्यवस्था कागदावर राहू नये, म्हणून महाराज किती जपत, याची साक्ष त्यांच्या एका पत्रात मिळते. १६७४ च्या राज्याभिषेकापूर्वीचे हे पत्र चिपळूण भागात छावणी केलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना लिहिलेले आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व गवत मन मानेल तसे उधळाल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे त्यांनी बजावले आहे. मग तुम्ही रयतेच्या दारी जाऊन दाणा, गवत, भाजी ओरबाडू लागाल आणि रयतेला मोगल बरे वाटतील, हाही इशारा आहे. आगट्या, चिलीम आणि उंदराने ओढून नेलेली दिव्याची पेटती वात यांपासून गवत सांभाळण्याची ताकीद आहे. पत्रात खुरांचा उल्लेख नाही. परंतु गवत पेटले तर घोड्याच्या तोंडचा घास जातो, आणि गवताने शाकारलेली पागा पेटली तर पायाखालची कोरडी जागाही जाते. घोडा आणि कुणबी हे दोघेही त्या एकाच गंजीच्या आश्रयाने पावसाळा काढीत होते.

चातुर्मासाचा हा नेम अर्थातच अभंग नव्हता. तो हेरून शत्रूनेही डाव मांडले. नद्या भरलेल्या असतानाच मराठ्यांशी युद्ध करणे सोयीचे, असे आर्थर वेलस्लीचे मत होते. १८०३ च्या ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, त्याने अहमदनगर घेतले आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई जिंकली. उलट पुढच्याच वर्षी, १८०४ च्या पावसाळ्यात, यशवंतराव होळकरांच्या स्वारांनी माघार घेणाऱ्या कर्नल मॉन्सनचा पाठलाग केला, तेव्हा चिखलात रुतलेल्या तोफा इंग्रजांना टाकून द्याव्या लागल्या. प्रसंग पडला म्हणजे घोडी पावसातही धावली. पण दर वर्षी तशी धावली असती, तर फार वर्षे धावली नसती.

मोहिमांच्या कथांत आपण सेनापतींची नावे घेतो. आषाढातल्या एखाद्या ओल्या सकाळी, शाकारलेल्या पागेत, गुडघ्यांत घोड्याचा पाय धरून खूर खरवडणाऱ्या नालबंदाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. येत्या दसऱ्याला आपट्याचे पान हाती घेताना त्याचीही आठवण व्हावी. सीमोल्लंघनाची सिद्धता त्याच्या हातून होत असे.