‘हम लोग’ : विस्मृतीत गेलेले पहिले तेरा भाग

दूरदर्शन मालिकांचा इतिहास लिहिताना ‘हम लोग’ला वगळता येत नाही, आणि ‘हम लोग’चे नाव निघाले की बडकीच्या लग्नाचा भाग आठवतो. तो प्रसारित झाला त्या दिवशी उत्तर भारतात दुकाने लवकर बंद झाली, अभिनंदनाच्या तारा आल्या, अशी नोंद अभ्यासकांनी केली आहे. परंतु या मालिकेचे खरे मर्म शोधायचे तर त्या लग्नाच्या पुष्कळ मागे, कोणीही फारशी आठवण न काढणाऱ्या पहिल्या तेरा भागांपाशी जावे लागते, असे आम्हांस वाटते.

मालिकेची मूळ कल्पना एका मराठी माणसाची. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे १९८२ साली मेक्सिकोला जाऊन आले. तेथे मिगेल साबिदो या निर्मात्याने १९७५ साली प्रौढ साक्षरतेसाठी आणि पुढे १९७७ साली कुटुंबनियोजनासाठी कौटुंबिक मालिका रचल्या होत्या. तोच प्रयोग भारतात व्हावा, म्हणून मनोहर श्याम जोशी यांनी लेखन आणि पी. कुमार वासुदेव यांनी दिग्दर्शन केले. ७ जुलै १९८४ रोजी मालिका सुरू झाली व १७ डिसेंबर १९८५ रोजी, दीडशेहून अधिक भागांनंतर, संपली.

आरंभीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका उघड होता की प्रेक्षक कंटाळले. तेराव्या भागानंतर सूत्र बदलले. संततिनियमन मागे पडले. स्त्रीचे घरातील स्थान, कौटुंबिक सलोखा, राष्ट्रीय एकात्मता हे विषय पुढे आले. यानंतर मिळालेले यश सर्वज्ञात आहे : प्रेक्षकांची चार लाखांवर पत्रे आली आणि मॅगीसारख्या नव्या वस्तूला प्रायोजक म्हणून घरोघर प्रवेश मिळाला. म्हणून इतिहासकार त्या तेरा भागांना ‘फसलेला आरंभ’ म्हणून बाजूला सारतात. आमच्या मते ते अपयशच या मालिकेचे गुरू ठरले. बसेसर राम आणि भगवंती यांची पाच मुले, तोकडी मिळकत, दारूचे व्यसन : हे घर हाच एक युक्तिवाद होता. त्यावर आणखी प्रवचनाची आवश्यकताच नव्हती.

हा धडा मराठी वाङ्मयाला नवा नाही. भडगावला लागून असलेल्या पारोळ्यात १८६४ साली हरि नारायण आपटे यांचा जन्म झाला. त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक हाच पुढच्या भागाची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकाचा पूर्वज होय. हरिभाऊही सुधारणेचे पक्षपाती होते. परंतु विधवेच्या केशवपनाविरुद्ध व्याख्यान न देता त्यांनी यमूलाच तिची कहाणी सांगू दिली. नियतकालिकाचे नाव ‘करमणूक’ आणि आतील मजकूर काळीज चिरणारा, ही सांगड त्यांनी जाणीवपूर्वक घातली होती. ‘हम लोग’च्या कर्त्यांना ती तेरा भागांच्या अनुभवानंतर सापडली.

मात्र उपदेश मागे घेतला की अर्थावरचे लेखकाचे नियंत्रणही सुटते. भगवंतीचे निमूट सोसणे हे अनुकरणीय नव्हे, असे लेखकाला दाखवायचे होते. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासात आढळले ते निराळेच : प्रेक्षकांतील काहींना, त्यांत स्त्रियाही होत्या, तीच आदर्श गृहिणी वाटली. म्हणजे प्रवचन केले तर कोणी ऐकत नाही आणि कथा सांगितली तर प्रत्येक जण आपापल्या संस्कारांनुसार ऐकतो. सुधारणावादी साहित्याचा हा जुनाच पेच आहे, आणि तो सोडवता येतो असे आम्हांस वाटत नाही. तो ओळखून लिहिता येते, एवढेच.

प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येत, कथेवर भाष्य करीत आणि ‘हम लोग’ हे शब्द निरनिराळ्या भारतीय भाषांत उच्चारून निरोप घेत. मराठीत या शीर्षकाची अडचण होते. हिंदीतील ‘हम’ ऐकणाऱ्याला सामावून घेतो की वगळतो, हे संदर्भावर सोडलेले असते. मराठीला मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावीच लागते. पहिल्या तेरा भागांतील आवाज ‘आम्ही’चा होता : दिल्लीने सांगावे आणि गिरणाकाठच्या अहिराणी बोलणाऱ्या घराने ऐकावे. त्यानंतरचा आवाज ‘आपण’च्या जवळ सरकला. बडकीच्या लग्नाला लोकांनी आपल्या घरचे लग्न मानले, ते या सरकण्यामुळे. तेव्हा त्या गाजलेल्या भागाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने आधी हे तेरा भाग लक्षात घ्यावेत. यशाचे कारण यशस्वी प्रकरणातच असते असे नाही.